घायपाताचं बारसं

आमच्या येडगावच्या नावावरून तुम्हाला आत्ता जो विनोद सुचला, तो आम्हाला इयत्ता चौथीत सुचला होता. तेव्हा तो वगळून पुढे जाऊ.

येडगाव जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीवर. १९७७ साली इथं धरण झालं. त्याचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत पार करमाळ्यापर्यंत जातो. त्या पाण्याच्या आवर्तनावरून पुढच्या तालुक्यांत जे मोर्चे निघतात, त्यांच्या बातम्या आम्ही कालव्याच्या काठावर बसून वाचतो. शिवारात ऊस, द्राक्षं, टोमॅटो, उसात बिबट्या, आणि बिबट्यामुळं रात्री मोटर चालू करायला कोण जाणार यावरून घराघरात मतभेद. अशा गावात गेल्या शिमग्याला मी एका झाडाचं बी पेरलं. त्या झाडाला पाणी नको, खत नको, फवारणी नको. बाजारही नको, असं आमच्या शेजारच्या आबांनी त्यात पुढं जोडलं.

झाड म्हणजे घायपात. नगरकडचे लोक त्याला केकताड म्हणतात. भाल्यासारखी जाड पानं, कडेला आकडे, टोकाला काळा काटा. नावातच घाय आहे आणि ज्याला तो झालाय त्याला व्युत्पत्ती समजावून सांगावी लागत नाही. रेल्वेच्या कडेनं मैलोन् मैल लावलेलं दिसतं ते हेच, किंवा ह्याचंच भावंड. आमच्याकडं पुणे-नाशिक रेल्वे कधीची यायची आहे. घायपात मात्र आधीच येऊन थांबलंय.

आमच्या बांधावर ते माझ्या वडिलांनी लावलं, धरणाचं काम चाललं होतं त्या सुमारास. एकच लावलं. घायपाताला एकच लावावं लागतं, बाकीचं ते स्वतः बघतं. बुंध्याशी जमिनीतून पिल्लं फुटतात, त्या पिल्लांना पिल्लं फुटतात आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्याची भावकी तयार होते. ही भावकी दरवर्षी वीतभर पुढं सरकते. बांध कोरायला माणसाला रात्री उठून कुदळ घ्यावी लागते. घायपात ते काम दिवसाढवळ्या करतं आणि मोजणीवाला आला तर त्यालाच टोचतं. आबांचं म्हणणं आहे की आमच्या घायपातानं त्यांचा दीड गुंठा खाल्ला. माझं म्हणणं आहे की झाड मुकं आहे, त्याला गट नंबर कळत नाही. यावर गेली वीस वर्षं आमचा प्रेमाचा संबंध टिकून आहे.

तर मागल्या साली उन्हाळ्याच्या तोंडाला त्या भावकीतल्या सगळ्यात थोराडाच्या मधोमध एक कोंब आला. शतावरीचा कोंब पाहिलाय का कधी? तसाच, पण मांडीएवढा. (दोघं एकाच कुळातले, म्हणून हे साम्य.) आठ दिवसांत माझ्या डोक्याला लागला, महिन्याभरात विजेच्या तारेकडं बघायला लागला. वीस-बावीस फूट गेल्यावर त्याला फांद्या फुटल्या, फांद्यांवर पिवळट फुलांची ताटं मांडली गेली आणि सकाळी उठून बघावं तर साळुंक्या, कावळे, आग्या माशा, सगळे पंगतीला. रात्री काय चालायचं ते दिसत नसे, पण फडफड ऐकू येई. गावात चर्चा झाली. एकानं विचारलं, "गुरुजी, कुठल्या कंपनीचा टॉवर?" आमच्यापासून जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या दुर्बिणी आकाशाकडं कान लावून बसलेल्या असतात. लांबचा लांब दांडा दिसला की आमच्या भागातला माणूस पहिल्यांदा त्यात शास्त्र शोधतो.

ह्या झाडाला इंग्रज लोक शतकी झाड म्हणतात, शंभर वर्षांनी एकदा फुलतं म्हणून. ती नेहमीची इंग्रजी अतिशयोक्ती. गरम मुलखात दहा ते तीस वर्षांत फुलतं. पण फुलतं ते एकदाच, आणि फुललं की मरतं. आयुष्यभर पानांत साठवलेली सगळी साखर त्या एका तुऱ्यात ओतून मोकळं होतं. मुलीच्या लग्नात होतं नव्हतं ते घालणारा बाप आमच्याकडं आहे, त्यामुळं हे वागणं आम्हाला नवं नाही.

दिवाळीनंतर फांद्यांवर बोंडं वाळली. बरीचशी पोकळ. पण कालव्याकडेच्या दुसऱ्या एका घायपातालाही त्याच मोसमात तुरा आला होता, मध्यस्थ कोण होता देव जाणे, वटवाघूळ असावं. काही बोंडं भरली. एक काढून फोडलं. आत तीन कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात पातळ चपट्या बियांची चवड, पैशांची रचावी तशी. काही काळ्या, काही पांढऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या. काळी ती जिवंत, पांढरी ती फोल. निवडायला बसलो तर आमच्या घरातून प्रश्न आला, "अहो, तांदूळ निवडा म्हटलं तर तुम्हाला चष्मा सापडत नाही." पांढऱ्या तीन वाट्या निघाल्या, काळ्या बिया दोनशे चौदा. मी मोजल्या. सेवानिवृत्त शिक्षकाला हजेरी घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

आता पेरायचं कशात? नारायणगावच्या पंचक्रोशीत टोमॅटोचं बी कुणी वाफ्यात टाकत नाही, सगळं ट्रेमध्ये होतं. माझ्या पुतण्याची रोपवाटिका आहे. त्याच्याकडून ९८ खणांचे दोन ट्रे आणि पोतंभर कोकोपीट उसनं आणलं. "काका, काय लावताय?" म्हणाला. मी म्हटलं, "घायपात." तो म्हणाला, "बरं. ट्रे तेवढे परत द्या."

दोनशे चौदातल्या एकशे शहाण्णव बिया खणांत गेल्या, उरलेल्या अठरा मी खिशात ठेवल्या. नवव्या दिवशी हिरवी तार बाहेर आली. तारेच्या टोकाला बियाण्याचं काळं टरफल, टोपी घातल्यासारखं. मी हर्षानं घरात हाक मारली. ही बाहेर आली, ट्रेवर वाकली आणि म्हणाली, "कांदा आहे." ओतूरच्या बाजारात जिच्या माहेरच्या तीन पिढ्यांनी कांदा विकला, तिच्याशी ह्या विषयावर वाद घालता येत नाही. आणि खरोखर, पहिला महिनाभर घायपाताचं रोप आणि कांद्याचं रोप यांत फरक करायला वास घ्यावा लागतो. मग दुसरं पान येतं. ते मात्र जाड, निळसर आणि कडेला एक इवलासा काटा. तांदळाच्या कणीएवढा. बोट लावलं तर टोचला. मला इतका आनंद झाला की मी तो दोन-तीन जणांना टोचवून दाखवला.

मुख्य गंमत त्यानंतर दिसली. बांधावरची भावकी म्हणजे वडिलांनी लावलेल्या त्या एकाच झाडाच्या नकला. आजोबा, बाप, नातू, पणतू, सगळे तेच. ट्रेमध्ये मात्र एकासारखं दुसरं नव्हतं. एक रुंद, एक अरुंद. एकाच्या पानाला मेण जास्त, एकाला काटे दुप्पट, एक सरळ, एक वाकडतोंड्या. एक तर पिवळी किनार घेऊन आलं आणि पंधरा दिवसांत वारलं. चौतीस वर्षं मी ज्या वर्गांवर शिकवलं ते सगळे मला त्या ट्रेमध्ये दिसले. पिल्लं म्हणजे झेरॉक्स. बी म्हणजे नवा माणूस. हे मी चौकात सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "मग काय झालं? झेरॉक्सवरबी सहीशिक्का चालतो की."

इथंच खरी मेख आहे. आमचं अख्खं शिवार झेरॉक्सवर चालतं. ऊस घ्या. को ८६०३२, कोइमतूर आणि पाडेगाव यांनी मिळून घडवलेला वाण. कांडी तोडायची, सरीत पुरायची. त्याला आम्ही बेणं म्हणतो. हाच शब्द आम्ही काही माणसांनाही लावतो, तेव्हा बेण्यावर किती भरवसा ठेवायचा हे आम्हाला भाषेनंच शिकवलेलं आहे. केळी टिश्यूकल्चरची. डाळिंब गुटीचं. द्राक्षं कलमाची, वर सीडलेस. म्हणजे ज्या तालुक्यानं बी नसलेल्या द्राक्षावर बंगले बांधले, तिथं मी बी पेरायला निघालो होतो. लोक हसले यात लोकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण उत्तर प्रदेशात काय झालं बघा. तिथं को ०२३८ ह्या एका उसानं बहुतेक क्षेत्र व्यापलं होतं. उतारा उत्तम, शेतकरी खूष, कारखाने खूष. मग लाल कूज रोगाला तो बळी पडू लागला. एक कांडी बळी पडते तेव्हा सगळ्या पडतात, कारण त्या सगळ्या म्हणजे एकच कांडी. नवा वाण काढायचा तर फुलाकडं, तुऱ्याकडं, बियाकडंच जावं लागतं. कोइमतूरला ऊस चांगला तुऱ्यावर येतो, म्हणून तर १९१२ साली तिथं ऊस पैदास केंद्र निघालं. आणि आमच्याकडं उसाला तुरा आला की शेतकरी कारखान्याच्या चिटबॉयला शिव्या घालतो. तोड लांबली, वजन गेलं, साखर गेली.

घायपाताच्या मूळ गावी, मेक्सिकोतही, हेच दुखणं. तिथं निळ्या घायपातापासून टकीला काढतात. तुरा येऊ लागला की कापून टाकतात, नाहीतर साखर फुलात जाते. फूल नाही म्हणजे बी नाही, बी नाही म्हणजे पुन्हा पिल्लंच लावा. १९९० च्या दशकात रोग शिरले तेव्हा मळेच्या मळे बसले. शिवाय ज्या वटवाघळांचं पोट त्या फुलांच्या मधावर, ती उपाशी. रोड्रिगो मेडेयिन नावाचे तिथले एक प्राध्यापक शेतकऱ्यांच्या मागे लागले की शेकडा पाच झाडं तरी फुलू द्या, आणि काही जणांनी ऐकलं. हा उपाय मी आमच्या एका द्राक्षबागायतदाराला सांगून पाहिला. "वटवाघळांसाठी शेकडा पाच सोडायची," असं म्हणताच त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी वर्गात कधी कुणाला दिली असेन तर मी त्याची क्षमा मागतो.

पूर्व आफ्रिकेची कथा तर ह्याहून भारी. १८९३ साली हिंडॉर्फ नावाच्या जर्मन माणसानं फ्लोरिडातून वाखाच्या घायपाताची हजार पिल्लं मागवली. बोटीच्या प्रवासात बाकीची गेली, टांझानियाच्या किनाऱ्याला ६२ जगली. त्या ६२ वर पुढं सगळ्या मुलखाचा दोराचा धंदा उभा राहिला. हे वाचल्यावर मी माझा ट्रे मोजला. त्या दिवशी माझ्याकडं ८९ होती. मी हिंडॉर्फच्या पुढं होतो आणि मला बोटीचं भाडंही पडलं नव्हतं.

टकीला हा शब्द मी चौकात उच्चारला ही मात्र चूक झाली. दोन दिवसांत बातमी पसरली की गुरुजी दारूचं झाड लावतायत. आयुष्यभर व्यसनमुक्तीवर निबंध लिहून घेतलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. पण एक मान्य केलं पाहिजे. ह्या बातमीआधी माझी रोपं बघायला एकूण चार माणसं आली होती. नंतरच्या आठवड्यात सव्वीस आली, त्यांत माझे माजी विद्यार्थी एकोणीस. प्रत्येकजण आधी तब्येतीची चौकशी करी, मग ट्रेकडं बघून सहज म्हणावं तसं म्हणे, "किती दिवसांनी तयार होतं, सर?" मी सांगे, "बियाण्याचं असेल तर दहा-बारा वर्षं." मग तो पाणीही न पिता उठे. दख्खनच्या पठारावरच्या ह्याच घायपातापासून डेस्मंड नाझरेथ नावाच्या एका गृहस्थांनी २०११ च्या सुमारास खरोखरीच मद्य बाजारात आणलं. त्याला टकीला म्हणता येत नाही, ते नाव मेक्सिकोनं राखून ठेवलंय. हे मी त्या मुलांना सांगितलं नाही. वर्गातही मी सगळं सांगत नसे.

उपयोग विचारणाऱ्यांना मी दोराचं सांगतो. माझ्या लहानपणी ओढ्याच्या डोहात पात कुजत घातलेली असे. पंधरा दिवसांनी तो वास गावावर यायचा. मग ती पात दगडावर बडवायची, धुवायची, पुन्हा बडवायची; हिरवा गर निघून जाई आणि हातात पांढराशुभ्र वाख उरे, म्हातारीच्या केसांसारखा. त्या पाण्यानं हाताला खाज सुटे ती दोन दिवस जात नसे. दोर वळणारे मातंग कारागीर दाराशी येत. एक जण चाती फिरवायचा, दुसरा वाख सोडत मागंमागं जायचा, आणि बघता बघता अंगणभर कासरा. दावी, मोटेचे नाडे, बैलाची मोरखी, सगळं त्यातलं. ते दोर वळण्याचे कष्ट आणि त्यांना मिळणारं मूठभर धान्य यांचं गणित तेव्हा कुणी मांडलं नाही. परवा बेल्ह्याच्या बाजारात दोराच्या दुकानी गेलो. लाल, निळा, पोपटी, सगळा नायलॉन, किलोवर. वाखाचं दावं मागितलं तर दुकानदार म्हणाला, "बाबा, आता बैलच कुठं राहिलेत?" हे त्यानं भर बैलबाजारात सांगितलं.

घरातला विरोध मावळला तो मात्र दोरामुळं नव्हे, निशिगंधामुळं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडं निशिगंधाची जुनी ओळख मोडून त्याला घायपाताच्याच प्रजातीत घातलंय. त्याचं आताचं नाव अगेव्ह अमिका. मूळ गाव तेच, मेक्सिको. म्हणजे लग्नात नवरीच्या गळ्यात पडते ती गुलछडी आणि बांधावर धोतर फाडतं ते घायपात ही सख्खी भावंडं. हे मी हिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "एकाच घरात असं होतं. तुम्ही आणि भाऊजी नाही का." मग संध्याकाळी तिनं तांब्याभर पाणी आपणहून ट्रेला घातलं. त्यानं अकरा रोपं कुजली. पाणी जास्त झालं की घायपात मरतं, तरी मी काही बोललो नाही. रात्री पानांवरची छिद्रं उघडायची, दिवसा मिटून बसायचं, असा त्याचा श्वास असतो. वाळवंटात दिवसा तोंड उघडणं परवडत नाही. संसारातही तो धडा कामाला येतो.

एका वनस्पतीवाल्या मित्रानं मला दटावलं तेही लिहिलं पाहिजे. म्हणाला, "जैवविविधता म्हणून मेक्सिकोचं झाड लावतोस? माळावर नेऊन लावलंस तर गवत मरेल, गवतावरचा चंडोल जाईल, ससा जाईल." त्याचं खरं आहे. पाहुण्याला ओसरी द्यावी, देवघर देऊ नये. म्हणून माझी रोपं बांधावरच जाणार, नाहीतर आण्याच्या पठारावर ज्यांच्या शेताच्या कडा आधीच घायपातानं राखल्यात त्यांच्याकडं. तिकडं कुकडीचं पाणी चढत नाही. यात्रेला आमटी-भाकरी रांजणांनी होते, पण उन्हाळ्यात टँकरकडं डोळे लागलेले असतात. तिथल्या एका शेतकऱ्यानं माझं रोप हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं आणि पहिल्यांदाच कुणीतरी योग्य प्रश्न विचारला: "गुरुजी, ह्यातलं कमी काट्याचं कुठलं?" पिल्लांत हा प्रश्नच उद्भवत नाही. बियाण्यात निवड करता येते. आमच्या डोंगरापलीकडं अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांच्या ह्याच निवडानिवडीत आयुष्य घातलं आणि २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली. मी पद्मश्रीचं म्हणत नाही. नुसतं बियाणं जपण्यात डोकं असतं, एवढंच आबांना दाखवायचं होतं.

मुलगा चाकणला असतो. शनिवारी आला, ट्रे बघितला, हिशेब केला. "बाबा, तुम्ही एकाहत्तरचे. हे फुलायला वीस वर्षं धरली तरी..." पुढचं त्यानं सभ्यपणे गिळलं. म्हातारा आंब्याची कोय लावतो, राजा येतो, विचारतो, आणि त्याला मोहरांची थैली देतो, ती गोष्ट मी चौतीस वर्षं शिकवली. त्यात म्हाताऱ्याला रोपवाटिकेचे ट्रे परत द्यायचे होते की नाही, हे लेखकानं कुठं सांगितलेलं नाही. माझ्याकडं राजा आला नाही. पुतण्या आला, तीनदा.

परवाच्या पावसात मोजली तेव्हा त्रेचाळीस रोपं होती, बोटभर उंचीची. त्यातली पाच आमच्या बांधावर लावली, आबांच्या बाजूनं नव्हे. पाच आण्याला दिली. तेहेतीस शिल्लक आहेत. कमी काट्याची तीन मी वेगळी ठेवलीत, ती मागू नयेत. बाकीची ज्यांना हवीत त्यांनी येडगावला यावं. स्टँडवर घायपातवाले गुरुजी म्हणून विचारलं की पोरं हसत घर दाखवतात. येताना स्वतःचं डबडं आणा. ट्रे पुतण्याचे आहेत.